साडेसातचा मिस्ड कॉल

सेलमच्या गलाईवाल्यांत फोन वापरावा तर जालिंदर देवकरनं, असं सगळे एकमुखानं म्हणत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. विटा-खानापूर भागातली कितीतरी घरं या धंद्यापायी देशभर पांगली, त्यातलंच हे एक. सतराव्या वर्षी चुलत्याच्या भट्टीवर हाताखाली राहायला जालिंदर तमिळनाडूत आला, तेव्हा मुशीत वितळलेल्या धातूच्या रसाचा रंग नुसत्या डोळ्यांनी ओळखायला त्याला चार वर्षं लागली होती. आता साल २०३८, वय अठ्ठावन्न. तो फोनचा कॅमेरा मुशीवर धरायचा आणि चांदीचा कस किती उतरला ते फोन दोन सेकंदांत सांगायचा.

त्याच्या फोनवर खेळ नव्हता, गाणं नव्हतं, नाचणारी माणसं नव्हती. होतं ते सगळं कामाचं. भट्टीचं तापमान, धूर ओढणाऱ्या यंत्राची जाळी कधी बदलायची, बायकोची रक्तदाबाची गोळी, गावाकडच्या विहिरीवरची मोटर. शिवजयंतीला मराठा मंडळाच्या कार्यक्रमात पोरांपुढं त्याचं भाषण ठरलेलं असे. "फोन हे हत्यार हाय," तो बोट उगारून सांगायचा. "हत्यारानं काम करायचं. हत्याराशी खेळत बसायचं न्हाई." पोरं टाळ्या वाजवायची आणि टाळ्या वाजवून झाल्या की पुन्हा फोनमध्ये तोंड घालायची.

या सगळ्यावर देखरेख ठेवायला त्याच्या फोनमध्ये 'कारभारी' होता. ही सोय नवी निघाली तेव्हा मंडळात सगळ्यांत आधी त्यानंच घेतली. त्याची बायको विजया तेव्हा खो खो हसली होती, कारण त्यांच्या भागात बायका नवऱ्यालाच कारभारी म्हणतात. "घरात एक कारभारी असताना दुसरा कशाला आणलासा?" ती म्हणाली. "आन् ह्यो तर सांगितलेलं ऐकतो बी!"

कारभाऱ्याची करामत समजायला अवघड नव्हती. माणूस दिवसभरात जे काही करतो, त्यातलं पुष्कळसं तो विचार न करताच करतो. मेंदूच्या तळाशी पेशींच्या काही गाठी असतात. पुन्हा पुन्हा केलेलं काम हळूहळू तिथं मुरतं आणि मग त्याची सवय होते. सकाळी उठल्यावर चूळ भरताना कुणी विचार करत नाही. कारभारी मेंदूत डोकावत नव्हता, तो फक्त अंगठा वाचायचा. पडद्यापाशी येऊन अंगठा किती वेळ थबकतो, पकड किती घट्ट आहे, बोटातली नाडी किती जलद चालते. अंगठा थबकला तर तो निर्णय. थबकला नाही तर ती सवय. एखादं काम माणसानं तीनशे वेळा न थबकता केलं, की कारभारी नम्रपणे विचारायचा, 'हे मी करत जाऊ का?' एकदा 'हो' म्हटलं की ते काम पुन्हा डोळ्यांपुढं येत नसे. दर ऑक्टोबरात, तुमचे वर्षभरात किती तास वाचवले, याचा अहवाल यायचा.

जालिंदरनं मागच्या वर्षी एकशे साठ तास वाचवले होते. त्या तासांत त्यानं नेमकं काय केलं, हे विजयानं विचारलं तेव्हा त्याला सांगता आलं नाही. पण तास वाचले होते, आणि ते मंडळात सांगता येत होते.

यंदाचा अहवाल आला रविवारी, दुपारच्या जेवणानंतर. जालिंदर चष्मा पुसून, मांडी घालून, कौतुकानं एकेक ओळ वाचायला लागला. विजेची बिलं. गोळीची आठवण. मोटर चालू, मोटर बंद. मग एक ओळ आली आणि त्याचं बोट तिथंच राहिलं.

'आक्का, रोजचा मिस्ड कॉल. पाठवले ३६५, आले ३६५. दोन्ही बाजूंनी स्वयंचलित. वाचलेला वेळ एक तास तेरा मिनिटं.'

मालनआक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा जालिंदर सहा वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला न्हाऊ घालणं, शाळेत हाकलणं, मारणं आणि मारून झाल्यावर गुळाचा खडा देणं, सगळं आक्कानंच केलं. आक्का लग्न होऊन शेजारच्या ढवळवाडीला गेली, तर हा पठ्ठ्या दर शनिवारी चालत तिच्या दारात हजर. सासरच्या माणसांनी शेवटी त्याच्या नावाचं ताटच वेगळं काढून ठेवलं.

मग तो सेलमला आला. सुरुवातीला महिन्यातून एकदा गावातल्या बूथवर फोन जायचा, बूथवाला कुणाला तरी पिटाळायचा आणि आक्का धापा टाकत येईपर्यंत मीटर पळत असायचं. बोलणं कमी आणि धाप जास्त. पुढं दोघांच्या हातात बटणांचे साधे फोन आले, पण परराज्यातनं बोलणं महाग. घ्यायलाही पैसे, करायलाही पैसे. तेव्हा सगळ्या देशानं जी युक्ती काढली, तीच या दोघांनी काढली. मिस्ड कॉल. वाजवायचा आणि उचलायच्या आत तोडायचा.

त्यांची बोली ठरलेली होती. रोज संध्याकाळी साडेसातला, आक्काची दिवाबत्ती झाली की, जालिंदरनं एक मिस्ड कॉल द्यायचा. त्याचा अर्थ, मी सुखरूप आहे. आक्कानं उलट एक द्यायचा. मी पण. लागोपाठ दोन आले तर, बोलायचंय, सवडीनं फोन कर. आणि लागोपाठ तीन म्हणजे, असशील तसा निघून ये. तीन आजवर एकदाच आले होते, त्यांचे वडील, आबा, गेले तेव्हा.

सगळ्यांत मोठा नियम म्हणजे मिस्ड कॉल उचलायचा नाही. आक्काच्या घरात रेंज फक्त देवघराशेजारच्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, यायची. म्हणून खणाच्या पिशवीत घातलेला तिचा फोन तिथंच असायचा आणि देवाबरोबर त्यालाही हळदीकुंकवाची बोटं लागायची. एकदा आक्काच्या सासूनं न राहवून तो उचलला आणि "कोण हाय? कोण बोलतंय?" म्हणून अख्खं मिनिट ओरडली. आक्का दोन दिवस सासूशी बोलली नव्हती. ही गोष्ट ती पुढं वीस वर्षं सांगायची आणि दर वेळी सासूची नक्कल आणखी मोठ्या आवाजात करायची.

बोलणं स्वस्त झालं, मग फुकट झालं, समोरासमोर दिसायलाही लागलं, तरी साडेसातचा मिस्ड कॉल चालूच राहिला. सणावाराला, लग्नकार्याला बोलणं व्हायचं. पण रोजचं काम त्या एका रिंगनंच व्हायचं. जालिंदर भट्टी विझवून हातपाय धुवायचा, रिंग द्यायचा, उलट रिंग यायची, आणि मगच जेवायला बसायचा.

हे सगळं कधी थांबलं, हे त्याला आठवेना. दोन दिवाळ्यांमागं भाऊबिजेला त्यानं आक्काला ओवाळणीत नवा फोन घातला होता. मनगटावर बांधायची नाडीची पट्टीही दिली होती. आक्काचे हात करंजीच्या पिठानं भरलेले, म्हणून त्यानंच तिचा अंगठा पुसून पडद्यावर टेकवला आणि जुन्या फोनमधल्या सगळ्या सवयी नव्यात आणल्या. कारभाऱ्यानं काही विचारलं, तेव्हा 'सगळ्याला हो' असं बटण होतं. ते त्यानं तिच्या वतीनं दाबलं. त्याच आठवड्यात स्वतःच्या फोनवरही दाबलं असणार. तेव्हापासून रोज साडेसातला आक्काच्या नावापुढं एक हिरवी खूण उमटायची. सणावाराच्या शुभेच्छाही आता कारभारीच धाडायचा. खूण दिसली की तो ताटावर बसायचा. आक्का ठीक आहे.

म्हणजे वर्षभर दोन फोन एकमेकांना सुखरूप असल्याचं कळवत होते, आणि दोघांपैकी कुणीच कुणाला काही कळवलं नव्हतं.

त्यानं ती ओळ उघडली. आत बारीक अक्षरांत आणखी एक नोंद होती. 'चुकून लागलेले कॉल : ३. आक्का, ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४० ते ६:४२. हाताने केलेले. अर्थ नाही. दुर्लक्षित.'

लागोपाठ तीन.

आठ महिने झाले होते. जालिंदरनं आक्काला फोन लावला. पलीकडं रिंग वाजलीच नाही, लगेच लेखी उत्तर आलं. 'सगळं ठीक आहे. काही निरोप आहे का?' ते आक्काचं उत्तर नव्हतं. आक्कानं "जेवलास का रं" असं विचारल्याशिवाय आयुष्यात कधी पुढचं वाक्य काढलं नव्हतं.

त्यानं आक्काच्या मुलाला, महादेवला फोन लावला.

"मामा! बोला की."

"आक्का कशी हाय?"

"हाय तशीच. पाडव्यापासनं जास्त झालंय. नावं ईसरती. परवा मलाच आबा म्हणाली. तुमास्नी मी उन्हाळ्यात मेसेज टाकला हुता की."

"मला आला न्हाई."

"टाकला हुता मामा. आन् रोज तुमचा मिस्ड कॉल तर असतोयच आईच्या फोनवर. मला वाटलं, तुमचं दोघांचं बोलणं चालू असंल."

जालिंदरनं मेसेज शोधला. सापडला. महादेवनं आठ ओळी लिहिल्या होत्या आणि कारभाऱ्यानं त्यांचं सार काढून ठेवलं होतं : 'आक्का, वयोमानाप्रमाणे. कृती आवश्यक नाही.' खाली जालिंदरच्या नावानं उत्तरही गेलं होतं. 'बरं. काळजी घ्या.'

विजया भांडी आवरत होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि हात पुसत बाहेर आली. त्यानं फोन तिच्या हातात दिला. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं.

"तुमी आजच निघा," ती म्हणाली. "भट्टीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी मिरजेला उतरून, बस धरून तो ढवळवाडीत पोचला तेव्हा दुपार कलली होती. आक्का ओट्यावर बसून सुपात हुलगे निवडत होती. केस पार पांढरे, पण पदर तसाच, डोक्यावरून कानामागं खोचलेला. जालिंदर समोर जाऊन उभा राहिला.

आक्कानं मान वर केली, नीट पाहिलं आणि सूप बाजूला सारून अदबीनं म्हणाली, "या, बसा पावणं. लांबनं आलासा जणू. सूनबाई, पाणी आण गं."

त्याला वाटलं, चेष्टा करते. लहानपणी रुसल्यावर ती असंच करायची, परक्यासारखी बोलायची. तो हसून म्हणाला, "आक्का, म्या जालू."

"जालू सेलमला असतोय," आक्का म्हणाली. "लई मोठी भट्टी हाय त्याची. तुमी वळखता व्हय त्याला?"

जालिंदर ओट्याच्या कडेला बसला. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. भट्टीपुढं चाळीस वर्षं उभं राहून त्याच्या डोळ्यांना पाणी यायचं बंद झालंय, असं तो नेहमी सांगायचा. ते खोटं निघालं.

दुसऱ्या सकाळी महादेवबरोबर तो विट्याला आक्काच्या डॉक्टरीणबाईंकडं गेला. बाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. त्यांनी आक्काच्या फोनमधली वर्षभराची माहिती काढून पुढं ठेवली.

"हे बघा. रोज साडेसातला कॉल पाठवायच्या आधी हा कारभारी दोन गोष्टी तपासायचा. नाडी बरी आहे ना आणि चालणं पुरेसं झालं ना. दोन्ही असलं की माणूस ठीक. मार्चमध्ये या दोनदा वाट चुकून शिवारात भटकल्या, बरोबर? त्या दोन्ही दिवशी यानं 'आज भरपूर चाललात' म्हणून शाबासकी दिली आहे."

"मंजी हे समदं फोनमुळं झालं?" जालिंदरनं विचारलं. विचारताना त्याचा आवाज बारीक झाला.

"नाही. आजार आजाराच्या वाटेनं आला. तो फोन नसता तरी आलाच असता." बाईंनी कागदावर मेंदूचं ओबडधोबड चित्र काढलं. "नावं, चेहरे, काल काय झालं, हे इथं असतं. ते आधी जातं. सवयी असतात इथं, खोल. त्या पुष्कळ टिकतात. पण सवयीला खूण लागते. दिवा लागला, रिंग वाजली, की हात आपोआप जातो. तुमच्या यंत्रानं त्यांचा हात वाचवला आणि रिंगही बंद केली, कारण रिंग म्हणजे त्रास. अशा माणसाचा दिवस चार-दोन खुणांना टांगलेला असतो हो. त्यातली एक काढून घेतली, एवढं नक्की."

"फेब्रुवारीत तिनं मला तीनदा रिंग दिली हुती," जालिंदर म्हणाला. "तवा तिला कळलं असंल."

बाईंनी चित्राचा कागद घडी घालून त्याच्या हातात दिला.

परतताना बसमध्ये जालिंदरनं फोन काढला. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी आपण कुठं होतो, हे त्यानं फोनलाच विचारलं आणि फोननं चोख सांगितलं. मंडळाच्या हॉलमध्ये, शिवजयंतीच्या तयारीची बैठक. भाषणाचा विषय, फोनचा सदुपयोग. आपल्याला काहीतरी होतंय, माणसं निसटत चालली आहेत, हे त्या संध्याकाळी आक्काला कळलं होतं. ती तिन्हीसांजेची एकटी देवळीपाशी गेली होती आणि असशील तसा निघून ये म्हणून तिनं भावाला बोलावलं होतं. तेव्हा तिला जालू माहीत होता. तेव्हा तो आला असता तर तिनं त्याला ओळखलं असतं, पोटाशी धरलं असतं, वर चार शिव्या दिल्या असत्या. ते आठ महिने आता कुठल्याही अहवालात परत मिळणार नव्हते.

घरी आल्यावर त्यानं आधी आक्काचा फोन हातात घेतला. कारभारी बंद करायला सात वेळा 'नक्की का?' विचारलं गेलं आणि सातही वेळा त्याचा अंगठा थबकला नाही. मग स्वतःच्या फोनवरचाही बंद केला. आक्काच्या फोनचा आवाज मोठा केला. रिंग शोधायला वेळ लागला, पण जुन्या बटणांच्या फोनची ती टिर्रटिर्र शेवटी सापडली. सुनेनं ट्रंकेतून खणाची पिशवी काढून दिली. कड विरली होती, कुंकवाचे डाग तसेच होते. फोन पिशवीत घालून त्यानं देवळीत ठेवला.

"मामा, आईला आता कळंल का?" महादेवनं विचारलं.

"कळायचं काय त्यात?" जालिंदर म्हणाला. "हाताला कळलं तरी बास."

संध्याकाळी सुनेनं दिवा लावला. आक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर पुन्हा तेच हुलगे. जालिंदर अंगणात गेला. पाण्याच्या टाकीजवळ जुनं सीताफळाचं झाड होतं, तिथून दारातून आतली खोली आणि देवळी दिसायची. साडेसात वाजले. त्यानं आक्काचं नाव काढलं. पण अंगठा पडद्यापाशी जाऊन थांबला. वाजली आणि आक्का हललीच नाही तर? न वाजवता राहिलं तर निदान शंका तरी शिल्लक राहील. त्याची पकड घट्ट झाली, बोटातली नाडी उडत होती. मग त्यानं बटण दाबलं.

आत टिर्रटिर्र झाली. त्यानं लगेच तोडली.

आक्काचा हात सुपात थांबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली, पदराला हात पुसले आणि देवळीपाशी गेली. पिशवीतून फोन काढला. पडद्यावर काय लिहिलंय, हे तिनं पाहिलंही नाही. अंगठा जायचा तिथं गेला.

जालिंदरच्या हातातला फोन एकदा वाजला आणि तुटला.

तो सीताफळाच्या बुंध्याला धरून उभा राहिला. आत आक्का फोन पिशवीत घालत होती. दोरी ओढून तिनं पिशवी नीट ठेवली, देवाला हात जोडले आणि मोकळ्या आवाजात सुनेला म्हणाली, "जालू बरा हाय गं माझा. वाढ आता. भूक लागलीया."

चेहरा धुऊन जालिंदर आत आला. सुनेनं ताटं मांडली होती. आक्कानं त्याला दारात पाहिलं आणि पाटावर हात थोपटला.

"या पावणं, तुमी बी बसा. संकोच करू नगासा." मग काहीतरी आठवल्यासारखी ती त्याच्याकडं पाहत म्हणाली, "लांबनं आलाय तुमी. घरला कळीवलंसा का, सुखरूप पोचलो म्हणून? भणीचा जीव टांगणीला लागतो ओ."

"कळीवलं," जालिंदर म्हणाला आणि तिच्या शेजारच्या पाटावर बसला. "आत्ताच कळीवलं. तिचं उत्तर बी आलं."